पगारात आलेले पंखे

नागोराव खोब्रागड्यांच्या घरात ते पंखे आले, ते पगार म्हणून आले. लोहाऱ्याच्या जिनिंग सोसायटीनं आधी कर्मचाऱ्यांचा पगार थकवला, मग थकवता थकवता ती स्वतःच थकली, आणि फाटकाला कुलूप लागायच्या आधी संचालक मंडळानं मोठ्या मनानं ठराव केला, की ज्यानं त्यानं आपल्या पगारापोटी सोसायटीचं सामान घेऊन जावं. चपळ लोकांनी कपाटं नेली. त्याहून चपळ लोकांनी जनरेटर नेला. नागोराव सोसायटीच्या कापूस खरेदी सेंटरचे ग्रेडर. शेतकऱ्याच्या बैलबंडीतल्या कापसात हात घालायचा, एक पुंजका काढायचा, बोटांत धागा ताणून बघायचा आणि 'नंबर एक' किंवा 'नंबर दोन' म्हणायचं, हे त्यांचं काम. त्यांनी जे म्हटलं त्यावर त्या शेतकऱ्याचं वर्ष ठरायचं. अशा माणसानं सामानासाठी धक्काबुक्की करणं बरं दिसत नाही. ते मागं उभे राहिले, आणि मागं उभ्या राहणाऱ्याच्या वाट्याला ज्याला कुणाचा हात पुरला नव्हता ते आलं. म्हणजे छतावरचे पंखे.

हे घरगुती पंखे नव्हेत. जिनिंगच्या हॉलमधले, उंच पत्र्याखाली लोंबणारे, माणसाएवढ्या दांडीचे पंखे. त्यांतला एक जरी घरात टांगला असता तरी खोब्रागडे कुटुंबाला जन्मभर वाकून चालावं लागलं असतं. प्रत्येक पात्यावर लाल ऑइलपेंटनं सोसायटीचं नाव. ते सगळे समोरच्या खोलीत भिंतीला टेकून उभे राहिले, तेव्हापासून घरी येणारा पाहुणा आत न शिरता उंबऱ्यावरूनच 'जय भीम' म्हणायचा आणि तिथूनच परतायचा.

बरं, दिवस लोडशेडिंगचे. वीज सकाळी जायची ती संध्याकाळी, आपण अजून या जिल्ह्यात आहोत की नाही हे बघायला आल्यासारखी यायची. त्यात महिना थंडीचा. अशा हवेत पंखे विकणं म्हणजे काय, हे नागोरावांना कळत होतं. शेजाऱ्यांना त्याहून जास्त कळत होतं. एकानं सांगितलं, दांड्या कापून घ्या. दुसऱ्यानं सांगितलं, भंगारात घाला. तिसऱ्यानं सांगितलं, कलेक्टरला निवेदन द्या. कुठल्याही अडचणीवर आमच्याकडे शेवटी हाच उपाय निघतो, आणि निवेदन दिलं की अडचण निदान टाईप केलेली तरी होते.

नागोरावांनी यातलं काहीच केलं नाही. ते दर रविवारी पंखे पुसायचे आणि त्यांच्या बेअरिंगला ग्रीस लावायचे.

"कायले लावता?" त्यांच्या बायकोनं, पंचफुलाबाईंनी विचारलं. त्या अंगणवाडीत सेविका होत्या, आणि सध्या घर चालत होतं ते त्यांच्या मानधनावर. ही गोष्ट घरात कुणी बोलत नसे, त्यामुळे ती सगळीकडे भरून राहिली होती.

"राहू दे," नागोराव म्हणाले. "सोसायटी सुरू झाली का लागतीन."

पंचफुलाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "अवो, सोसायटी सुरू होत नाई. साऱ्या गावाले मालूम हाय, एक तुमी सोडून. हे पंखे घरातून काढा, नाईतर मी अंगणवाडीतच राहाले जातो. तिथं लेकरं बी याहून ऐसपैस बसते."

नागोरावांनी ग्रीसचा डबा बंद केला. पंखे विकणं म्हणजे पंखे विकणं एवढंच नव्हतं. ते विकले की सोसायटी बंद पडली, असं त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हटल्यासारखं होणार होतं. आणि सोसायटी बंद पडली, तर मग नागोराव कोण, हा प्रश्न उरत होता.

अशा वेळी माणसाला देवसिंग जाधव गुरुजी भेटू नयेत. नागोरावांना ते भिंतीपलीकडेच राहायला होते. गुरुजी निवृत्त. त्यांच्याकडे एक पांढरी फियाट होती. ती त्यांनी जुनी घेतली होती, आणि घेतल्यावर ती आणखी जुनी होत गेली. शिवाय प्रेम नावाचा एक जावई होता, तो इंग्लंडात कॉम्प्युटरच्या नोकरीवर होता. गुरुजींचं अर्धं बोलणं फियाटबद्दल असायचं, अर्धं जावयाबद्दल. त्या दिवशी दोन्ही विषय एकत्र आले.

"नागोराव, प्रेम फोनवर काय सांगत होता आयक. तिकडं गोरे लोक रविवारी आपापल्या मोटारी घेऊन वावरात जाते. वळीनं उभ्या करते. मंग डिक्की उघडते, अन् घरातलं जुनंपुरानं तिथंच मांडून विकते. डॉक्टर बी विकते, मास्तर बी विकते. कोनी कोनाले हासत नाई!"

"आपल्या इथं हासते," नागोराव म्हणाले.

"म्हनून त इथं नाई विकाचं. घाटंजीच्या बाजारात जाऊ. तिथं तुले कोन ओळखते?"

या प्रश्नाचा विचार नागोरावांनी तेव्हाच करायला हवा होता. घाटंजीकडचा कापूस त्यांनी उभ्या नोकरीत हाताळला होता. पण ग्रेडरला माणसांचे चेहरे कधी आठवत नाहीत. तो बंडीत बघतो, बंडीवाल्याकडे बघत नाही. आपण ज्यांना ओळखत नाही ते आपल्यालाही ओळखत नसणार, अशी त्यांची सरळ समजूत होती.

बाजाराच्या दिवशी फियाटची डिक्की पंख्यांच्या मोटारींनी भरली, पाती मागच्या सीटवर रचली आणि दांड्या टपावर दोरीनं बांधल्या. पंचफुलाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. खोली रिकामी झाल्यावर ती केवढी आहे हे त्या बघत होत्या.

घाटंजीला पोचल्यावर पहिला अडथळा बाजाराच्या पावतीचा. ठेकेदाराचा माणूस पावतीपुस्तक घेऊन आला. त्यानं गाडीला एक चक्कर मारली.

"भाजी, किराना, मनेरी, का ढोर?" त्यानं विचारलं.

"पंखे," नागोराव म्हणाले.

"पंखे नाई पुस्तकात. गाडी बी नाई."

गुरुजींनी त्याला इंग्लंडमधली पद्धत समजावून सांगितली. त्यानं ती शांतपणे ऐकली आणि ढोराची पावती फाडली. नागोरावांचा जन्म बरोबर पावत्या करण्यात गेला होता. त्यांनी हरकत घेतली. वस्तू एक आणि पावती भलतीच, हा प्रकार सोसायटीत चालला नसता, असं ते म्हणाले. त्या माणसाला त्यांची तळमळ पटली. त्यानं पावती परत घेतली, 'बैल एक' याच्यापुढे 'पांढरा' असं लिहिलं, आणि दुरुस्तीखाली सही करून ती परत दिली.

दुसरा अडथळा डिक्की. ती उघडेना. किल्ली फिरली, पण आतलं काहीतरी फिरलं नाही. गुरुजींनी ठोकून पाहिलं, गोंजारून पाहिलं, इंग्लंडचा उल्लेख टाळून पाहिलं. एवढ्यात लोक जमले. जी डिक्की उघडत नाही तिच्यात काहीतरी असतं, हे बाजारात सर्वांना माहीत असतं. गर्दी वाढली, शेंगदाणेवाला गाडा घेऊन जवळ आला. सायकल दुरुस्तीवाल्यानं पहार घातली, तेव्हा डिक्की एवढ्या जोरात उघडली की पुढची माणसं मागं सरली. आतून पंख्यांच्या मोटारी दिसल्या.

"हत्!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि लोक पांगायला लागले.

"अहो, पाहून त घ्या!" गुरुजी ओरडले. त्यांनी एक पंखा जुळवला, दांडीला धरून उभा केला आणि नागोरावांना पाती हातानं फिरवायला लावली. वीज नव्हतीच. नागोराव गोल गोल फिरत पंखा फिरवत होते. एक म्हातारी थांबली आणि बराच वेळ बघत राहिली.

"हातानंच फिरवा लागते त माह्या सुपात काय वाईट हाय, बाप्पा?" ती म्हणाली आणि निघून गेली.

नागोरावांनी पंखा सोडला. त्यांना घाम आला होता. एवढे पंखे जवळ असून तो वाळवायची सोय नव्हती.

तेवढ्यात समोरून एक उंच माणूस आला. डोक्याला पागोटं, कानात बाळी, हातात बैल हाकायची तुतारी. तो पात्यांवरचं लाल नाव वाचत आला, नागोरावांच्या तोंडाकडे बघत थांबला आणि त्यानं दोन्ही हात जोडले.

"ग्रेडरसाहेब! तुमी इथं?"

कितीतरी महिन्यांत नागोरावांना कुणी साहेब म्हटलं नव्हतं. तो शब्द कानात गेला आणि पाठीचा कणा आपोआप सरळ झाला. माणूस जवळच्या तांड्यावरचा हिरासिंग राठोड होता. गुरुजी आणि तो एकाच समाजाचे निघाले. दोघं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायला लागले. नागोरावांना त्यातलं काही कळत नव्हतं. मधूनमधून 'साहेब', 'सोसायटी' आणि 'सेंटर' एवढे तीन शब्द तेवढे ओळखीचे येत होते. आपली ओळख करून दिली जात आहे, असं समजून ते गंभीरपणे मान हलवत राहिले.

हिरासिंगचे डोळे मोठे झाले. "मंग सेंटर उघडून राह्यलं म्हना, साहेब?"

इथं 'नाही' म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम होतं, फार तर दोन. पण ग्रेडरला असं सरळ उत्तर द्यायची सवय नसते. नागोरावांच्या तोंडून, नोकरीत हजारदा आलं होतं तेच वाक्य, शुद्ध कचेरीच्या भाषेत आलं. "अजून काही सांगता येत नाही."

हे वाक्य ऐकलं आणि हिरासिंगची खात्री पटली. ज्या साहेबाला काही माहीत नसतं तो 'माहीत नाही' म्हणतो. 'सांगता येत नाही' असं म्हणणाऱ्याच्या खिशात ऑर्डर असते. शिवाय पांढरी गाडी होती, सोसायटीच्या नावाचे पंखे होते. सेंटर उघडायचं नसेल तर ऐन थंडीत एवढे पंखे घेऊन कोण येईल?

खबर बाजारात कशी फिरली ते नागोरावांनी पाहिलं नाही. पण भाजीच्या ओळीतून गेलेली खबर ढोरांच्या बाजारातून परत आली तेव्हा सेंटरला घाटंजीत जागासुद्धा मिळाली होती, मालाच्या पैशांचा चुकारा रोख ठरला होता, आणि वरून मंत्री यायचा होता. त्या दिवशी खाजगी व्यापाऱ्याच्या दलालाकडे कापूस घालायला आलेल्या बंड्या बाजारापलीकडे उभ्या होत्या. त्यांतली पहिली वळली ती हिरासिंगची. तो दलालाशी ठरलेला सौदा मोडून आला आणि त्यानं बंडी फियाटच्या मागं आणून लावली. तिच्यामागं दुसरी आली. मग रांगच लागली.

"नागोराव," गुरुजी हळूच म्हणाले, "हे लोक काहून आले?"

"तुमी काय सांगतलं त्याले?"

"म्या एवढंच सांगतलं, का साहेब सेंटरचे हाय, अन् सेंटरचं सामान घेऊन आले. खोटं काय हाय त्यात?"

त्यात खोटं काहीच नव्हतं. नागोराव लोकांना खरं सांगायला बंडीजवळ गेले. तिथं हिरासिंगनं कापसावरचं पोतं बाजूला केलं होतं. पांढरा, स्वच्छ, पहिल्या वेच्याचा कापूस. "पाहा ना साहेब जरा," तो म्हणाला.

नागोरावांचा हात आत गेला. त्यांनी तो घातला असं म्हणता येणार नाही, तो गेला. बोटांना ऊब लागली. त्यांनी पुंजका काढला, धागा ताणला, उजेडाकडे धरला. सोसायटीत असताना वरून बजावलेलं असायचं, की हात आखडता ठेवा. आज वर कुणीच नव्हतं. त्यांना फार हलकं वाटलं.

"नंबर एक," ते म्हणाले.

रांगेत आनंद पसरला. नागोराव दुसऱ्या बंडीकडे गेले, मग तिसऱ्या. कुणी त्यांना खुर्ची आणून दिली, कुणी चहा आणला. त्यांच्या लक्षात आलं की आपण माणसांच्या तोंडाकडेही बघत आहोत. तोंडं बरी होती. उद्या खरंच सेंटर उघडलं तर काय बिघडेल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि ते जिथं बसायला नको होतं तिथं बसलं.

इकडे दलाल घाबरला. सेंटर उघडलं तर आपल्या काट्यावर कुत्रंही येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं भाव वाढवला. मग आणखी वाढवला. रांगेतल्या शेवटच्या काही बंड्या, ज्यांच्यापर्यंत साहेब अजून पोचले नव्हते, हळूच निघून त्याच्याकडे गेल्या. दलाल स्वतः चालत हिरासिंगपाशी आला.

"हिरासिंग, या भावात देतं का? मंग म्हनू नको."

भाव चांगला होता. त्या हंगामात तेवढा कुणी दिला नव्हता. हिरासिंगनं दलालाकडे पाहिलं आणि मग नागोरावांकडे वळून अगदी भरवशानं विचारलं, "साहेब, देऊ का थांबू?"

सगळे नागोरावांच्या तोंडाकडे बघत होते. गुरुजीही बघत होते. त्यांनी डोळ्यांनी 'दे म्हन, दे म्हन' अशी खूण केली. नागोराव खुर्चीत बसलेले होते. हातात चहाचा कप होता. 'दे' म्हटलं असतं, तर सेंटर नाही असं झालं असतं. मग खुर्ची गेली असती आणि पांढरा बैल एक, एवढीच पावती खिशात उरली असती.

"तुमचा माल नंबर एक आहे," नागोराव म्हणाले. "घाई कशाला करता?"

दलाल निघून गेला.

थोड्या वेळानं बंड्यांनी रस्ता अडवला म्हणून हवालदार आला. त्यानं काठी टेकवून विचारलं, "सेंटर कोनाच्या परवानगीनं उघडलं? ऑर्डर कुठं हाय?"

नागोरावांनी खिशात हात घातला. खिशातून ढोराची पावती निघाली. हवालदारानं ती वाचली, फियाटकडे पाहिलं, पुन्हा वाचली.

"मी विकायला आलो होतो," नागोराव म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू गेला नाही, म्हणून ते पुन्हा म्हणाले, "पंखे विकाले आलतो. सेंटर नाही. सोसायटी बंद झाली. ते उघडत नाही आता."

ते वाक्य शेवटी त्यांच्या तोंडून निघालं. घरी पंचफुलाबाईंना ऐकू घातलं असतं तर दोन माणसांत भागलं असतं. इथं अर्धा बाजार ऐकत होता.

कुणी त्यांना मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मागून एकजण म्हणाला, "साहेबावर दबाव आला वरून," आणि पुष्कळांनी माना डोलावल्या. त्यांना तेच सोपं वाटलं. बंड्या एकेक करून वळायला लागल्या. खबर दलालाकडेही पोचली, आणि त्याचा भाव जेवढा चढला होता त्याच्यापेक्षा खाली आला, सकाळपेक्षाही खाली. थोड्या वेळानं त्यानं काटाच बंद केला. ज्यांचा साहेबांवर विश्वास नव्हता त्यांचा माल विकला गेला होता. ज्यांचा होता, ते बंडीसकट उभे होते.

हिरासिंग सगळ्यांत शेवटी उरला. नागोराव त्याच्यापाशी गेले.

"हिरासिंग, माहं चुकलं."

हिरासिंग पोतं कापसावर नीट ओढून घेत होता. त्यानं वर न बघता विचारलं, "माल नंबर एकच हाय ना, साहेब? का तेबी तसंच?"

"नंबर एकच हाय. बुद्धाची आन."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला, आणि बैलांच्या पाठीवर थाप मारली.

फियाट सुरू झाली नाही, हे सांगायला नको. तिला धक्का मारायला बाजारातले लोक आले. त्यात हिरासिंगही होता. त्यानं बंडी बाजूला उभी करून खांदा लावला. आत बसलेल्या नागोरावांना मागच्या काचेतून तो दिसत होता. टपावरच्या दांड्या खडखडत होत्या, उघड्या डिक्कीचं झाकण वरखाली आपटत होतं, आणि गाडी सुरू झाल्यावर गुरुजी म्हणाले, "पाह्य, लोक किती चांगले हाय!" नागोरावांनी डोळे मिटून घेतले.

घरी पंचफुलाबाईंनी रिकाम्या खोलीत सतरंजी अंथरली होती. पंखे परत येताना पाहून त्यांनी ती मुकाट्यानं गुंडाळली. झालं ते सगळं नागोरावांनी सांगितलं, एक ती खुर्ची सोडून. मग खुर्चीचंही सांगितलं.

"जेवा," पंचफुलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागोराव ओट्यावर उन्हात बसले होते. पंचफुलाबाई अंगणवाडीला निघाल्या होत्या. रस्त्यावरून कापसानं भरलेली एक बंडी आली आणि घरासमोर थांबली. बंडीवाला रात्रभराचा प्रवास करून आल्यासारखा दिसत होता.

"भाऊ, सोसायटीचं फाटक कोनत्या अंगाले हाय?"

"कायले?"

"सेंटर सुरू झालं ना! पक्की खबर हाय. ग्रेडर बी रुजू झाला म्हनते."

नागोराव ताडकन उठले. ग्रेडर रुजू झाला? कोण? आपल्याला न विचारता कुणाला घेतलं? एक पाय चपलेत गेलासुद्धा. "कोन ग्रेडर? नाव काय त्याचं?"

"नाव नाई मालूम. घाटंजीले आलता म्हनते काल. पांढऱ्या गाडीनं. लय भला मानूस. साऱ्याईले नंबर एक देल्ला."

पंचफुलाबाई अंगणातच थांबल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं.

नागोराव ओट्याखाली उतरले. "सेंटर उघडलं नाही, भाऊ," ते म्हणाले. "उघडनार बी नाही. तुमी परत जा."

बंडीवाल्यानं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. अंगातलं बनियन, वाढलेली दाढी, एकाच पायात चप्पल.

"तुमी काय सोसायटीत हाय का?" त्यानं विचारलं.

"नाही," नागोराव म्हणाले.

"मंग!" बंडीवाला म्हणाला, आणि त्यानं बैल हाकले, फाटकाकडे.